वाळवंटी किनाऱ्यावर तंबूच्या खुंट्या उपटत होत्या, त्यावर सापडलेला उपाय

दुपारी समुद्रावरून वारा सुटला की कोरड्या वाळूतल्या खुंट्या एकेक करून उपटायच्या आणि तंबू मुलांच्या अंगावर बसायचा. लांब खुंट्या, तिरप्या ठोकणं, वर दगड ठेवणं, सगळं करून झालं. अगदी वीट आला होता.

टिकलं ते हे. वाऱ्याकडच्या बाजूपासून सुरुवात करा. कापडी पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा. तंबूची दोरी पिशवीच्या मधोमध बांधा, तोंडाशी नको. गुडघाभर खड्डा खणा. ओली वाळू लागली तर उत्तमच. पिशवी दोरीच्या ओढीला आडवी ठेवा. तंबूच्या दिशेने दोरीपुरती तिरपी चर काढा, नाहीतर दोरी नंतर वाळू कापत सरळ होते आणि सैल पडते. मग थराथराने वाळू टाकून पायाने तुडवा. दोरी ताणायची ती सगळ्यात शेवटी.