विमानात वायरलेस हेडफोन: लाइन जाण्याआधीच्या चार्जिंगपासून सीटच्या फटीपर्यंत

ब्लूटूथचे हेडफोन विमानात चालतात का, हा पहिल्यांदा उडणाऱ्याचा हमखास प्रश्न. चालतात. फोन-टॅबलेट फ्लाइट मोडवर (म्हणजे नेटवर्क बंद करून) ठेवून उड्डाणभर वापरायला भारतात २०१४ पासून परवानगी आहे, आणि फ्लाइट मोड लावल्यावरही ब्लूटूथ वेगळं सुरू करता येतं. लोक घाबरतात ब्लूटूथला. नियम मात्र कडक आहेत ते बॅटरीचे. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

आदल्या दिवशी

पुसदहून नागपूर गाठायचं म्हटलं तर अर्धा दिवस एसटीतच जातो. खिडकीशी बसून गाणी ऐकत गेलात तर सोनेगावच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत फोन आणि बड्स (कानात घालायचे बिनवायरचे छोटे हेडफोन) दोन्ही झोपलेले असतात. रात्री लाइन राहीलच याचा भरवसा नाही, तेव्हा फोन, बड्सची डबी आणि पॉवर बँक दुपारीच चार्जिंगला लावा. डबी विसरू नका. बड्स तिच्यातूनच चार्ज होतात.

बड्स फोनला घरीच जोडून बघा. नवीन घेतले असतील तर हे नक्कीच करा, कारण विमानात शेजारच्या दहा जणांची ब्लूटूथ नावं यादीत दिसतात आणि आपलं कोणतं ते कळत नाही. गाणी, कीर्तन, सिनेमा, जे ऐकायचं ते डाउनलोड करून ठेवा. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला २०२५ मध्ये सुरू झालेली सेवा एटीआर या पंख्याच्या विमानाची. त्यात समोर स्क्रीन वगैरे काही नसतं. आपला फोन हाच काय तो सिनेमा.

सामान भरताना

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. पेट घेतलाच तर केबिनमध्ये तो दिसतो आणि विझवता येतो. खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार? हेडफोनही सोबतच ठेवा.

मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप. पॉवर बँकेवर क्षमता एमएएच (mAh) मध्ये लिहिलेली असते, त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएचची निघते ७४, म्हणजे चालते. ३०,००० ची जाते १११ वर, आणि १०० ते १६० च्या मधल्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या, काहीच न छापलेल्या पॉवर बँका तपासणीत अडकू शकतात. दोनशे रुपये वाचवायच्या नादात तिथे हुज्जत घालत बसावं लागतं.

आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहिलेली पॉवर बँक बोटाने दाबून बघा. पोट फुगलेलं असेल, जोड उघडला असेल, तर ती घरीही वापरू नका, विमानात तर नाहीच.

तपासणी आणि सीट

तपासणीला लॅपटॉप, फोन, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा. बड्स कानात घालून दारातून जाऊ नका.

सीटवर बसलं की आधी फ्लाइट मोड, मग ब्लूटूथ. हवाई सुंदरी सुरक्षेच्या सूचना देत असतील तेवढा वेळ कान मोकळे ठेवा. त्यांनी बंद करा म्हटलं तर बंद करायचं, मग फोनवाला दुकानदार काहीही म्हणालेला असो. पॉवर बँक वरच्या कप्प्यात न टाकता जवळ ठेवा आणि उड्डाणात तिच्यावर फोन चार्जिंगला लावू नका.

पंख्याच्या विमानाची घरघर कमी करायला नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबायची हेडफोनमधली सोय, खरंच उपयोगी आहे. गाणं न लावताही ते चालतं. मात्र मागच्या सीटवरचं रडणारं लेकरू त्याने गप्प होत नाही. सलग, जाड आवाजच त्याने दबतो.

उतरताना कानाला दडे बसतात. घट्ट बड्स तेव्हा काढून ठेवा, आवंढा गिळत राहा. आजी-आजोबांची कानातली श्रवणयंत्रं मात्र काढायला लावू नका, ती चालतात.

परदेशाच्या मोठ्या विमानात समोरच्या स्क्रीनला बहुधा वायरचाच हेडफोन लागतो. तो तिथे देतात, पण आपला साधा वायरवाला सोबत असलेला बरा.

फटीत पडलं तर

बड किंवा फोन सीटच्या फटीत गेला तर सीट मागेपुढे करू नका, हात घालून ओढाओढही नको. यंत्रणेत चेपलेली बॅटरी पेटू शकते. डोक्यावरचं बटण दाबा, कर्मचारी काढून देतात. फार गरम लागणारं, वास मारणारं कोणतंही यंत्र असेल तरी लगेच त्यांनाच सांगायचं, लाजायचं नाही.