महाबळेश्वर-पाचगणीतला रस्ता पालिकेच्या बजेटमध्ये कसा बसवायचा

रस्ता उखडला की अर्ज थेट पालिकेत जातो आणि पुष्कळदा तिथेच पडून राहतो, कारण तो रस्ता पालिकेचा नसतोच. वाईहून पसरणी घाटानं वर येणारा मुख्य रस्ता गावाच्या हद्दीतून जातो, एवढ्यानं तो पालिकेचा होत नाही. काही पॉइंटांच्या वाटा वनखात्याच्या जमिनीतून जातात. कास पठाराच्या रस्त्यासाठी सातारा पालिकेचे उंबरे झिजवण्यातही अर्थ नाही. कास तलावाचं पाणी सातारा शहराला येत असलं तरी पठार पालिकेच्या हद्दीत नाही.

म्हणून आधी पालिकेच्या बांधकाम विभागात रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, त्याची नोंदलेली लांबी-रुंदी किती, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार: अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. रस्ता दुसऱ्या खात्याचा निघाला तर 5 दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

रस्ता पालिकेचाच असेल, तर प्रश्न पैशाचा. 1965च्या नगरपरिषद कायद्यात रस्ते आणि दिवाबत्ती ही आवश्यक कर्तव्यं आहेत, ऐच्छिक नाहीत. पण 2011च्या जनगणनेत दोन्ही गावं प्रत्येकी पंधरा हजारांच्या आतली. घरपट्टी तेवढ्यांचीच आणि चाकं सगळ्या राज्याची. नाक्यावरचा प्रवासी कर रस्त्यासाठीच राखीव असेल असं गृहीत धरू नका. मागच्या वर्षी तो किती जमला आणि रस्त्यांच्या लेखाशीर्षाखाली किती खर्च झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवले की सभेत बोलायला जागा मिळते. केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाचा निधीही सगळा रस्त्यावर टाकता येत नव्हता. आपल्यासारख्या छोट्या शहरांच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. मोठ्या कामाला नगरोत्थान या राज्याच्या शहरांसाठीच्या योजनेच्या जिल्हास्तर भागातून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीमार्फत, पैसा मागावा लागतो.

सगळ्यात जास्त कामं चुकतात ती वेळेमुळे. जून ते सप्टेंबर डांबर टाकता येत नाही. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे गर्दीचे. उरतो दिवाळीनंतरचा महिना आणि जानेवारी ते मार्च. तेव्हा रोलर रस्त्यावर हवा असेल, तर मोजमापासह मागणी पावसाळ्यातच द्या. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, एवढ्या पायऱ्यांत महिने जातात. फेब्रुवारीत जागं झालं की 31 मार्चच्या घाईतलं डांबर पदरात पडतं.

मागणीत नुसतं ‘रस्ता करा’ लिहू नका. आधी गटार मागा. इथल्या पावसात रस्ता वाहनांपेक्षा साचलेल्या पाण्यानं लवकर जातो: पाणी खडीत शिरतं, डांबराची पकड सुटते, वरून चाक गेलं की खड्डा. मधल्या रेषेपासून कडेला दर मीटरला सुमारे अडीच सेंटिमीटर उतार हवा. मिश्रण घाट चढून येईपर्यंत निवतं, म्हणून गाडी ताडपत्रीनं झाकलेली आहे का आणि रोलिंग 90 अंशांच्या वर असतानाच संपतं का, ते पाहा. थर्मामीटर अभियंत्याकडे असतो, विचारायला लाजू नका. नळजोडणीची खोदाई डांबराआधीच उरकून घ्या. कार्यारंभ आदेशातला दोषदायित्व कालावधी लिहून ठेवा. त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं बुजवायचा असतो, पालिकेनं पुन्हा बिल काढायचं नसतं.

वाहतुकीचं वेगळं. एकेरी मार्ग किंवा नो-पार्किंग पालिकेच्या ठरावानं लागू होत नाही; ठराव पोलिसांकडे जातो आणि अधिसूचना निघाल्यावरच दंड करता येतो. फलक, पट्टे आणि वाहनतळ मात्र पालिकेच्या खर्चाचे, तेव्हा ठरावातच त्यांची रक्कम घाला. नवा वाहनतळ मागत असाल, तर लक्षात ठेवा, 2001च्या अधिसूचनेनं हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. झाडं आणि उतार असलेली जागा सुचवली की प्रस्ताव वर्षानुवर्षं फिरत राहतो. आधीच सपाट असलेली, बांधकाम झालेली जागा शोधा.