कागदी चिपवर रक्तगट: कोकणातील पावसाळा ध्यानात घेऊन

समईची वात ज्या केशाकर्षणाने तेल वर ओढते, त्याच बळावर फिल्टर पेपरची चिप चालते. तिला ना पंप लागतो, ना वीज. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली ती सहज करता येते.

व्हॉटमन क्रमांक ४ चा कागद घ्यावा. तो साधारण २० ते २५ मायक्रॉनचे कण अडवतो, तर लाल पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन असतो. म्हणजे सुटी पेशी निसटते आणि पेशींचा पुंजका अडकतो. सारी तपासणी या फरकावर उभी आहे.

कागदावर मेणाच्या खडूने ४ सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या आखाव्यात आणि टिपकागदाखाली ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात झिरपताना आडवेही पसरते, म्हणून पट्टी हव्या त्या रुंदीपेक्षा थोडी रुंद आखावी. लांबी मात्र वाढवू नये, कारण अंतर दुप्पट झाले की द्रव चढण्यास चौपट वेळ लागतो.

तीन पट्ट्यांच्या बुडापासून थोड्या वर अनुक्रमे निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि अँटी-डी या अँटीसेरांचा, म्हणजे रक्तगटाचा तो तो घटक असल्यास पेशींचे पुंजके बांधणाऱ्या द्रावणांचा, एकेक थेंब टाकावा. चौथी पट्टी कोरीच ठेवावी. प्रत्येक थेंबावर, आणि कोऱ्या पट्टीवरही, ईडीटीएमधील (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनातील) रक्ताचा बारीक ठिपका ठेवून अर्धा मिनिट थांबावे, मग ठिपका न बुडवता पट्टीचे टोक ०.९ टक्के सलाईनमध्ये धरावे. जिथे ठिपका जागीच राहतो तिथे प्रतिक्रिया झाली, म्हणजे पेशींचे पुंजके बांधले गेले. जिथे लाली वर सरकते तिथे झाली नाही. कोऱ्या पट्टीत लाली चढलीच पाहिजे, अन्यथा सर्व निकाल रद्द समजावेत. सलाईनऐवजी घाईत डिस्टिल्ड वॉटर वापरले तर पेशी फुटतात आणि सगळीकडे गुलाबी डाग पसरतो; ही चूक मी स्वतः केली आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जुलैच्या दमट हवेत कागद नुसता बाहेर ठेवला तरी मऊ पडतो आणि द्रवाचा वेग बेभरवशाचा होतो. म्हणून आखलेल्या पट्ट्या ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या दाण्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि दाणे गुलाबी झाले की बदलावेत. अँटीसेरा २ ते ८ अंश सेल्सिअसला लागतात, त्यामुळे पावसात वीज गेली की फ्रिज उघडू नये.

हा निकाल शिकण्यापुरताच आहे. रक्त चढवण्याचा निर्णय रक्तपेढीतील क्रॉसमॅचवरच, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहणाऱ्या तपासणीवरच, घ्यावा. रक्ताळलेला कागद पिवळ्या पिशवीत आणि सुया टोचून भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात.