सगळीकडे ‘ठीक’ लिहिलंय? कचरा प्रकल्पातल्या रोजच्या तपासणीतल्या या चुका टाळा

मराठवाड्यातल्या एका कचरा प्रक्रिया प्रकल्पात मी तपासणीचं रजिस्टर उघडलं, तेव्हा ‘पट्टा क्र. २’ पुढे सलग चार दिवस ‘ठीक’ लिहिलेलं होतं. कचरा पुढे वाहून नेणारा तो पट्टा त्या चार दिवसांत जागेवर नव्हताच. दुरुस्तीसाठी खोलून शेडच्या कोपऱ्यात टाकला होता. लिहिणारा मुकादम कामचुकार नव्हता. पहाटे साडेपाचला येऊन घंटागाड्या मार्गी लावणारा, दिवसभर पायांवर उभा असणारा माणूस. तपासणीत नेमकं काय बघायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते हजेरीसारखंच एक रजिस्टर होतं, साहेब आले की पुढे करायचं.

तेव्हापासून मी कुठेही गेलो की यंत्रांकडे नंतर जातो, आधी रजिस्टरची मागची पंधरा पानं चाळतो. एकाच पेनाने, एका बैठकीत मारलेल्या खुणा लगेच ओळखू येतात. पंधरा दिवसांत एकही दोष लिहिलेला नसेल तर माझी काळजी वाढते, कारण कचऱ्याच्या कामात रोज काही ना काही बिघडतंच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये संभाजीनगरच्या कचरा डेपोशेजारच्या नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि त्यानंतर शहरात चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आली. लातूरची वरवंटी, नांदेडचं तुप्पा ही गावंही लोकांच्या तोंडी कचरा डेपो म्हणूनच आहेत. उघड्या डेपोवरचा धोका लांबून दिसायचा: धूर, मोकाट कुत्री, कलंडलेला ढीग. आता शेडमध्ये कचऱ्याचे तुकडे करणारा श्रेडर आहे, चाळणी आहे, गठ्ठे बांधायचं बेलिंग मशीन आहे. इथला धोका जवळ जाऊन, हात लावून, ऐकूनच कळतो. आपली तपासणी मात्र अजून डेपोच्या सवयीची आहे. दारातून एक नजर टाकली की झालं.

खूण नको, आकडा लिहा

पहिली दुरुस्ती फुकटात होते. रजिस्टरमधला ‘ठीक / नाही’ रकाना जिथे जमेल तिथे काढून टाका आणि आकडा मागा. कंपोस्टच्या ढिगाचं तापमान किती? आगीसाठी राखलेल्या टाकीत पाणी कुठल्या खुणेपर्यंत आहे? तपासणी किती वाजता केली? ‘ठीक’ खुर्चीत बसून लिहिता येतं. ढिगाचं तापमान लिहायला लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन ढिगापर्यंत चालत जावंच लागतं. आकडे रोज लिहिले की त्यांची चढउतारही दिसते. काल ६२ अंश, आज ६८, उद्या ७४ असं चाललं असेल तर ढीग उलटायची वेळ झाली आहे, हे धूर निघण्याआधीच कळतं.

तपासणीची वेळही चुकते. काम सुरू होऊन दोन तास झाल्यावर, पट्टा कचऱ्याने भरलेला असताना कुणी लाल बटण दाबून बघणार नाही. तपासणी पाळी सुरू होण्याआधी, यंत्र रिकामं असतानाच व्हायला हवी, आणि ती करताना ते यंत्र चालवणारा ऑपरेटर सोबत हवा. बेअरिंगचा आवाज कालच्यापेक्षा वेगळा आहे हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार?

लाल बटण, आणि लाइट गेल्यावर घातलेला हात

या एका मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण ‘आहे’ म्हणून खूण मारली जाते. ते दाबून बघितलेलं नसतं. कधी त्याच्या आत धूळ आणि ओला कचरा बसून ते अडकलेलं असतं, कधी वारंवार दाबलं जातं म्हणून कुणीतरी वायर जोडून ते बायपास केलेलं असतं. रोज सकाळी रिकामं यंत्र चालू करा आणि बटण दाबा. बटणं जास्त असतील तर आज एक, उद्या दुसरं, असं आळीपाळीने करा आणि कुठलं दाबलं ते लिहा. पट्ट्याच्या कडेने ओढायची दोरी असेल तर तीही ओढून बघा. बऱ्याच ठिकाणी ती सैल होऊन नुसती लोंबत असते.

यंत्र थांबलं म्हणजे चाचणी संपली असं समजू नका. आता बटण परत मोकळं करा. यंत्र आपोआप सुरू झालं तर ते धोकादायक आहे. मोकळं केल्यावरही ते थांबलेलंच राहिलं पाहिजे आणि चालू करायचं बटण वेगळं दाबल्यावरच फिरलं पाहिजे.

आपल्याकडे याचं महत्त्व दुप्पट आहे, कारण लाइट. साडी, दोऱ्या, सुतळीची पोती रोलरला गुंडाळली जातात आणि पट्टा अडतो. तेवढ्यात लाइट जाते. थांबलेलं यंत्र दिसलं की माणसाला वाटतं, हीच संधी आहे, पटकन ओढून काढू. हाताची दोन बोटं गेलेल्या एका कामगाराने मला सांगितलेलं वाक्य मी विसरलो नाही: “सायेब, लाइट गेलती म्हनून हात घातला, तेवढ्यात आली.” त्या यंत्राला लाइट परत आल्यावर आपोआप सुरू होऊ न देणारी व्यवस्थाच नव्हती, आणि रोजच्या तपासणीत तो प्रश्न कधी विचारला गेला नव्हता.

उपाय एका कुलपाचा आहे. अडकलेलं काढायच्या आधी मेन स्विच खाली पाडायचा, त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली आत हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. दोघं आत असतील तर दोन कुलपं, दोन किल्ल्या. ‘मी इथं उभा आहे, कुणाला चालू करू देत नाही’ हा भरवसा पुरत नाही, कारण उभा असलेल्या माणसाला फोन येतो, कुणी हाक मारतं. रोजच्या तपासणीत कुलपं आणि किल्ल्या मोजा. किल्ली पॅनेललाच लटकलेली दिसली तर ते कुलूप कुणी वापरत नाही हे ओळखा.

वास येत नाही म्हणजे गॅस नाही, हा समज

कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याचा खड्डा, ज्याला प्रकल्पावर सगळे लिचेट टँक म्हणतात, तिथे पंप अडकला की कुणीतरी शिडी लावून उतरायला निघतो. वरून वाकून वास घेतो आणि म्हणतो, काही नाही. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खड्ड्याच्या तळाशी बसतो. त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो. म्हणजे आधी येत असलेला वास अचानक थांबला, तर तिथून दूर व्हायला हवं. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला तर ती जागा माणसासाठी सुरक्षित नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते. हे तिन्ही आकडे गॅस मोजायच्या मीटरवरच कळतात.

मीटर नसेल तर उतरायचं नाही. पंप साखळीने वर ओढून घ्यावा, काम एक दिवस उशिरा झालं तरी चालेल. आणि कुणी आत कोसळलाच, तर त्याला काढायला तसंच उतरू नका. एकामागोमाग दोघं-तिघं जातात ते याच उतरण्यामुळे. रोजच्या पाहणीत झाकण जागेवर आहे का, त्याला कुलूप आहे का, भोवतीचं कुंपण शाबूत आहे का, एवढं तरी बघितलंच पाहिजे.

आगीचं सामान भिंतीवर, पाणी भलतीकडे

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागाने हे दिवस काढले, तिथे आगीसाठी राखलेली टाकी उन्हाळ्यात भरलेली असेल हे गृहीत धरता येत नाही. धुळीवर मारायला, गाड्या धुवायला, कधी पिण्याला, असं करत ती मे महिन्यात तळाला जाते. टाकीवर रंगाने एक रेघ ओढा. पाणी त्या रेघेखाली गेलं की दुसऱ्या कामाला एक बादलीही द्यायची नाही.

आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील आहे का, हे बरेच जण बघतात. त्याच्यापुढे प्लास्टिकचे गठ्ठे रचलेत का, हे कुणी बघत नाही. रचलेले असतील तर तो सिलिंडर नसल्यासारखाच.

आग येते कुठून? ढाब्याच्या भट्टीतली राख, चुलीतला विस्तव तसाच घंटागाडीत टाकला जातो. दिवाळीनंतर न फुटलेले फटाके येतात. आता मोबाईलच्या, खेळण्यांच्या लिथियम बॅटऱ्या येतात, ज्या श्रेडरमध्ये चिरडल्या की पेट घेतात. वेचणी करणाऱ्या बायकांना बॅटरी, लायटर आणि स्प्रेचे डबे पट्ट्यावरून बाजूला काढायला सांगा. बॅटऱ्या वाळूच्या बादलीत, शेडच्या बाहेर ठेवा. ती बादली जागेवर आहे का हा तपासणीतला एक प्रश्न करा.

गठ्ठ्यातून किंवा ढिगातून धूर येतोय, पाणी मारलं की थांबतो आणि तासाभराने परत येतो, अशी तक्रार नेहमी असते. पाणी वरून वाहून जातं, आतला निखारा तसाच राहतो. शेडमधला लहान ढीग असेल तर लोडरने बाहेर ओढा, पातळ पसरा, भिजवा, मातीने दाबा. जुन्या मोठ्या ढिगाच्या पोटात धुमसत असेल तर त्यावर माणूस चढवू नका, पाय खचतो. असा ढीग उकरला की आत हवा शिरते आणि भडका उडतो. तिथे अग्निशमन दलाला बोलावा. शेवटची पाळी सुटल्यावर तासाभराने शेडमधून एक फेरी मारा. धुमसणारा गठ्ठा बहुतेक वेळा त्याच फेरीत सापडतो.

‘हातमोजे वाटले’ हा हिशेब

२०१६ च्या घनकचरा नियमांनी गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क देणं बंधनकारक केलं. प्रकल्पावर वाटपाची सहीही असते. तपासणीत सही बघू नका, हात बघा. बोटांना भोक पडलेला मोजा घालून वेचणारीला सुई टोचणारच. सुई टोचली तर जखम पिळू नये, चोखू नये. साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालयात पाठवावं. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. ‘संध्याकाळी सुटल्यावर बघू’ म्हणायची सोय इथे नाही. त्या दिवसाचा खाडा धरणार नाही, हे आधीच सांगितलेलं असलं तरच बाई टोचल्याचं सांगेल.

आपल्याकडे बायका कापूस वेचायला जाताना साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. तसाच त्या पट्ट्यावरही येतात. शर्टाने पदर झाकला जातो हे चांगलं, पण सैल बाही आणि डोक्याच्या रुमालाचं लोंबतं टोक रोलर ओढून घेतो. मनगटाला घट्ट बसणाऱ्या बाह्या द्या, रुमालाचं टोक आत खोचायला सांगा.

टिप्परबद्दल थोडक्यात: मागे घेतानाचा हॉर्न वाजतो का, आणि उचललेल्या ट्रॉलीखाली जाण्याआधी टेकू लावतात का. पावसाळ्यात जुन्या ढिगाच्या कडेला भेगा दिसतात का, तेही बघा. दिल्लीच्या गाझीपूरला १ सप्टेंबर २०१७ रोजी ढीग कोसळला तो पावसातच, त्यात दोघांचा जीव गेला.

तोच दोष तिसऱ्यांदा

‘रोलरची जाळी नाही’ असं मी एका रजिस्टरमध्ये एकोणीस दिवस सलग लिहिलेलं बघितलंय. लिहिणाऱ्याने त्याचं काम केलं होतं, वाचणारा कुणी नव्हता. प्रत्येक दोषापुढे दुरुस्त कोण करणार त्याचं नाव आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे दोन रकाने ठेवा. तोच दोष तिसऱ्या दिवशी आला तर ते यंत्र बंद, जाळी लागेपर्यंत. हे बंद करायचा अधिकार मुकादमाला लेखी द्या. ठेकेदाराचं बिल टनावर निघतं, यंत्र थांबलं की पैसे थांबतात, म्हणून फोन करून परवानगी मागायला लावली तर परवानगी मिळत नाही.

पाळी बदलताना दोन्ही मुकादमांनी यंत्राशेजारी उभं राहून पाच मिनिटं बोलावं. जाणाऱ्याने येणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्या: आज काय अडकलं, कुठलं कुलूप अजून लावलेलं आहे आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे.