पांढरा ॲप्रन नंतर, आधी केसपेपरची रांग

बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागात मुलामुलींची ये-जा सुरू होते. "मॅडम, हॉस्पिटलमध्ये अनुभव घ्यायचाय." मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे आणि माझी सुरुवातही इथल्यासारख्याच एका चौकशीच्या टेबलामागे, बिनपगारी झाली. त्यामुळे आधीच सांगून टाकते, स्वयंसेवा केली म्हणून कुणी नोकरी देत नाही. पण एवढ्या मोठ्या इमारतीतलं नेमकं कोणतं काम आपल्याला झेपेल, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरून डॉक्टर आणि सिस्टर एवढेच दिसतात. आत लॅब, डायलिसिस, ओटी (ऑपरेशन थिएटर), फिजिओथेरपी, ब्लड बँक, रेकॉर्ड रूम असं बरंच काही असतं आणि प्रत्येकाचा कोर्स वेगळा.

विचारायला थेट डॉक्टरांकडे जाऊ नका, हे त्यांच्या हातात नसतं. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभाग शोधा, ट्रस्टच्या रुग्णालयात बहुधा जनसंपर्क किंवा प्रशासनाच्या खोलीत पाठवतात. कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र घेऊन या, त्या पत्रानं बरीच दारं उघडतात. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास भरायचेच असतात, ते इथे भरा. सोमवारी सकाळी मात्र कृपा करून येऊ नका. शनिवार-रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी ओपीडीत फुटते आणि तेव्हा मी स्वतःच्या आईशीही नीट बोलणार नाही. मधल्या वारी, दुपारी ओपीडी आटोपल्यावर या.

अर्ज एका पानाचा पुरे. त्यात "समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य सगळेच लिहितात, मी ते वाचतही नाही. कोणत्या वारी येणार, किती ते किती, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कोणत्या भाषा येतात, एवढं लिहा. भाषांचं महत्त्व मुलांच्या लक्षात येत नाही. परळला बिहार, बंगालपासून माणसं येतात. ज्याला बंगाली समजतं, कन्नड समजतं, अहिराणी बोलता येते, असा मुलगा मला टक्केवारीवाल्यापेक्षा जास्त उपयोगाचा. रोज येईन असं सांगून पंधरवड्यात गायब होणारे पुष्कळ भेटतात. आठवड्यातून एकच सकाळ द्या, पण ती चुकवू नका. १८ पूर्ण नसतील तर आम्ही वॉर्डात पाठवत नाही.

येण्याआधी हेपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पुढे नर्सिंगला किंवा लॅबच्या कोर्सला गेलात तरी ती लागतेच. बूट बंद, नखं कापलेली, केस बांधलेले, अंगठ्या घरी. ओढणी ट्रॉलीच्या चाकात अडकते, ती पिनअप करा. ॲप्रन मी घालू देत नाही, कारण ॲप्रन दिसला की नातेवाईक रिपोर्ट पुढे करून "काय निघालंय हो?" विचारतात आणि अठरा वर्षांच्या पोराला उत्तर द्यायचा मोह होतो.

पहिलं काम मिळेल ते रस्ता दाखवायचं. कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त शिकवणारं तेच. साताऱ्याहून रात्रीच्या एसटीनं आलेले आजोबा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीन वर्षांचे कागद. त्यांना "काय होतंय?" विचारू नका. "बाबा, कुठे जायचंय? कागद बघू का?" असं विचारा. केसपेपर काढलाय का, रक्त कुठे द्यायचं, एक्स-रेसाठी कोणत्या खिडकीवर शिक्का घ्यायचा, हे सांगून थांबू नका, जमेल तेव्हा बरोबर चालत जा. चार खेपांनंतर रुग्णालयाचा नकाशा तुमच्या पायांत बसतो, आणि कोणत्या खोलीत काय चालतं हेही आपोआप कळायला लागतं.

दुसरं शिकण्यासारखं काम कागदांचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही मोफत उपचारांची सरकारी योजना. तिच्या टेबलावर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. त्यांच्याकडे पाठवण्याआधी रेशन कार्ड आणि आधार आहे का, दोन्हींवर नाव सारखं आहे का, हे बघून दिलंत तरी माणसाची एक फेरी वाचते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, हे बहुतेक नातेवाइकांना माहीतच नसतं. या कामात ज्याला रस वाटतो, त्यानं पदवीनंतर एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, विचार करावा. मी तशीच इकडे आले.

वॉर्डात गेलात तर हे न विचारता करायचं नाही: पाणी देणं. पेशंट कळवळून घोटभर पाणी मागतो, आपल्याला दया येते, आणि दुपारी त्याचं ऑपरेशन असतं. पोट रिकामं नसेल तर भूल देताना उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. खाटेवर 'एनबीएम'ची (तोंडानं काही द्यायचं नाही) पाटी असेल किंवा नसेल, सिस्टरना विचारल्याशिवाय ओठ ओले करायचे नाहीत. सलाईनच्या चाकाला बोट लावू नका, थेंब थांबला तर सिस्टरना हाक मारा. पडलेल्या पेशंटला एकट्यानं उचलू नका. सुई जमिनीवर दिसली तर उचलू नका, कुणाचा पाय पडणार नाही असे उभे राहा आणि वॉर्डातल्या मामा-मावशींना (सफाईचं काम बघणाऱ्यांना) बोलवा. चुकून टोचलीच तर लपवू नका: साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच सांगा, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

कचऱ्याचे डबे पहिल्याच दिवशी पाठ करा. रक्तानं भरलेला कापूस पिवळ्यात, सलाईनची नळी लाल डब्यात, सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. हे शिकवायला वॉर्डातल्या मावशींइतकं चांगलं कुणी नाही. इन्चार्ज सिस्टरना नमस्कार आणि मावशींना 'ए' म्हणणारा मुलगा मी दुसऱ्या आठवड्यात परत पाठवते.

फोटो, रील, स्टेटस काहीच नाही. पेशंटचं नाव आणि आजार लोकलमध्ये मैत्रिणीलाही सांगायचा नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. पैसे द्यायचे नाहीत, गोळा करायचे नाहीत. गरज दिसली तर आमच्या विभागात सांगा.

एक सावधगिरी तुमच्या बाजूनंही. लहान खासगी दवाखाने 'इंटर्न' म्हणून पोरींना दिवसभर राबवून घेतात, ड्रेसिंग करायला लावतात, इंजेक्शन द्यायला लावतात. ते तुमच्यासाठी आणि पेशंटसाठीही धोक्याचं आहे. तिथून सरळ निघा.

गावाकडे राहणाऱ्यांना परळ गाठायची गरज नाही. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर मदतनीस लागतातच. बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावण्यापासून सुरुवात करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना आणि गावच्या आशाताईंना विचारून अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी हाताखाली थांबा. शहरात रक्तदान शिबिरंही चांगली. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, म्हणून ब्लड बँकांना तेव्हा माणसं हवी असतात. वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ असलेला १८ वर्षांचा मुलगा दाता म्हणूनही चालतो, पण रक्त बघून चक्कर येते का, हे टेबलाच्या पलीकडे उभं राहून आधी बघा.

दोन-तीन महिने झाले की कोर्सचं ठरवा. रात्रपाळीच्या सिस्टरचं काम बघूनही मन डळमळलं नाही तर नर्सिंग. जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के लागतात, आणि कोर्स तीन वर्षांचा. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, वर्षं चार. माणसांपेक्षा नमुन्यांत रमणारे लॅबकडे जातात, त्यात कमीपणा काही नाही. सहा महिन्यांत 'नर्स' करून देतो म्हणणाऱ्या फलकांपासून लांब राहा. संस्था भारतीय आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नसेल तर नोंदणी होणार नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी जागा नाही.

निघताना प्रमाणपत्र सगळेच मागतात. छापील प्रमाणपत्राला मुलाखतीत फारशी किंमत नसते. त्याऐवजी पत्र मागा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यातून किती तास, कोणत्या विभागात, काय काम केलं, आणि खाली इन्चार्जची सही व शिक्का. ते मागायची वेळ शेवटच्या दिवसाच्या आधीचा आठवडा, कारण शिक्का ज्यांच्या कपाटात असतो ते नेमके शेवटच्या दिवशी रजेवर असतात.