आधी कूलरच्या ताट्या काढा, मग माळा लावा

दिवाळीचं सामान आणायला नागपूरच्या बर्डी बाजारात निघण्याआधी खिडकीतल्या कूलरकडे एकदा बघून घ्या. पाऊस लागल्यापासून त्यात पाणी भरलेलं नाही. ताटीतलं मूठभर गवत हातात घेऊन चुरून पाहा, बोटांत भुगा होतो. असा पेटायला टपलेला भारा भिंतीबाहेर टांगून आपण त्याच्याच डोक्यावर दिव्यांची माळ सोडतो आणि खाली पणत्या मांडतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "आता काहून काढू? उन्हाळ्यात बदलवाच लागते ना!" लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणाचं तरी रॉकेट आडवं सुटलं आणि थेट त्यांच्या ताटीत शिरलं. गच्चीवरून पाण्याच्या बादल्या ओतल्या म्हणून पडद्यापर्यंत आग गेली नाही. तेव्हा पहिलं काम हेच. कूलरचा प्लग काढा, तिन्ही ताट्या उतरवा आणि गवत कचरागाडीत द्या. अंगणात जाळू नका. पुढच्या वर्षी नवीन गवत भरावंच लागतं, मग हे जपून काय करायचं? गच्चीवरची खोकी, जुनी गादी, नारळाच्या शेंड्या याच फेरीत हलवा.

दुसरं काम दिवसाउजेडी, घरात बसून करायचं. गेल्या वर्षीची माळ फरशीवर लांब पसरा आणि प्लग न लावता वायर बोटांमधून सरकवत जा. कुठे चीर, उंदराने कुरतडलेलं किंवा उघडं तांबं लागलं तर माळ बाद. चिकटपट्टीचे जोड असतील तरी बादच. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूवर इतका जीव लावू नये. माळ धड दिसली तर अर्धा तास फरशीवरच चालू ठेवा. मग बटण बंद करून प्लग उपसा आणि प्लगला, लुकलुकवणाऱ्या डबीला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर नाही. याच वेळी मेन बोर्डावरच्या ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, 'टेस्ट' बटणही दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर माळा राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. घरासाठी 30 मिलीअँपिअरला तुटणारी ईएलसीबी लागते.

माळांनी लोड वाढतो असं सगळे म्हणतात, पण एलईडीची घरगुती माळ साधारण पाच-दहा वॅट खाते. 6 अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला 1380 वॅटपर्यंत चालतात, म्हणजे चार-पाच माळांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते ढिल्या जोडांनी, आणि त्याच एक्स्टेंशन बोर्डावर नव्या कुर्त्यासाठी इस्त्री लावल्याने. आयएसआय खुणेचा एकच चांगला बोर्ड घ्या आणि त्यातून दुसरा बोर्ड काढू नका. आकाशकंदील कागदाचा असेल तर आत पाच-सात वॅटचा एलईडी बल्ब पुरे. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब कागद करपवतो.

आता बाल्कनीची ग्रिल. कूलरच्या पत्र्याचा शॉक नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही, ग्रिलचंही अगदी तसंच आहे. लोखंडाच्या धारेवर वायर घासली, आतलं तांबं टेकलं की अख्खी ग्रिल करंट मारते, आणि पोरं तिलाच धरून फटाके बघत उभी असतात. बांधायला बाइंडिंग वायर वापरू नका, सुतळी किंवा प्लास्टिकचे टाय घ्या. खिळे ठोकायचे नाहीत. वायर जिथे वळते तिथे खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा द्या. या दिवसांत पहाटे दव पडतं, म्हणून जोड आणि प्लग आडोशालाच ठेवा. बोर्डाकडे येणारी वायर आधी बोर्डाच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे पाणी झोळीतून खाली गळतं, प्लगमध्ये उतरत नाही.

उंचावरचं काम साडेपाचच्या आत संपवा. मुंबईत सहा वाजताही ऊन रेंगाळतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी पावणेसहापर्यंत सूर्य मावळलेला असतो. पलंगावर स्टूल आणि स्टुलावर आपण, हा प्रकार नको. बारा फुटांवर शिडी टेकवली तर तिचे पाय भिंतीपासून तीन फूट लांब हवेत, आणि खाली धरायला माणूस हवा. गच्चीजवळून महावितरणच्या तारा जात असतील तर त्या बाजूला माळही नको, कंदिलाची काठीही नको.

पणत्यांचं बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतं. पडद्यापासून हातभर लांब, ताटात किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवायच्या. जळत्या पणतीत तेल ओतायचं नाही. जिन्यात तेल सांडलं तर लगेच पुसा, गुळगुळीत टाइल्सवर रांगोळीची पूडही घसरवते. ओढणी आणि पदर खोचलेला असू द्या.

तरी भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. वायर पेटली तर आधी मेन स्विच पाडा. तोवर पाणी टाकू नका, वाळूची बादली हाताशी असू द्या. अग्निशमनला 101, नाहीतर सरळ 112.

रात्री झोपताना माळा बंद करायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच उठत नाही. आमच्याकडे माळा तुळशीच्या लग्नापर्यंत राहतात. उतरवल्या की जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर गुंडाळतो आणि पुठ्ठ्यावर साल लिहितो. 2021 लिहिलेला एक पुठ्ठा अजून माळ्यावर आहे, त्यावरची माळ मात्र यंदा गेली.