सहकाऱ्यापेक्षा पगार कमी? आधी हिशेब मांडा, मग तक्रार करा

तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्यापेक्षा आपला पगार कमी आहे असे वाटले, की बहुतेक जणी सीटीसीची, म्हणजे कंपनी एका कर्मचाऱ्यावर करत असलेल्या एकूण खर्चाची, तुलना करतात आणि तिथेच फसतात. सीटीसीत कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. वेतन संहिता, २०१९ हा वेतनाचा कायदा समान वेतन ठरवताना या दोन्ही रकमा धरत नाही, कमिशनही धरत नाही. घरभाडे भत्ता, प्रवासभत्ता आणि ओव्हरटाइम मात्र धरतो. (संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली, १९७६ चा समान वेतन कायदा तेव्हाच रद्द झाला. मॅनेजर असाल तरी ती लागू आहे.)

तेव्हा दोघांच्या पे-स्लिपा शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहा. बेसिक अनेकदा सारखेच निघते, फरक ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये दडलेला असतो, तो आकडा मुलाखतीतल्या घासाघिशीत ठरतो. समजा महिन्याच्या एकूण वेतनात त्याचे ५२,००० आणि तुमचे ४४,०००. फरक ८,०००, त्याला ५२,००० ने भागून शंभरने गुणा, म्हणजे सुमारे १५.४ टक्के. वर्षाचे ९६,००० रुपये. सहकारी स्लिप दाखवायला कचरत असेल तर त्याला सांगा, बरोबरी साधण्यासाठी कोणाचाही पगार कमी करायला कायद्यात मनाई आहे.

तुलनेसाठी माणूस निवडताना हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती पाहा. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीने स्त्री लघुलेखिकांना ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणून वेगळे काढले होते. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचे काम पुरुष लघुलेखकांसारखेच ठरवले आणि आर्थिक स्थितीची सबबही फेटाळली. मात्र मालक एकच हवा: सहकारी कंपनीच्या पटावर आणि तुम्ही ठेकेदाराच्या, तर ही तुलना टिकणे अवघड.

इन्क्रिमेंटची जुनी पत्रेही काढा. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेत एक अप्रेझल हुकले, की पुढची प्रत्येक टक्केवारी त्या कमी रकमेवर लागते. रुजू होतानाचा पगार सारखा असूनही पडलेली तफावत अनेकदा इथूनच आलेली असते.

एचआरशी तोंडी बोलू नका, ईमेल करा. ग्रेडची वेतनश्रेणी आणि फरकाचे कारण विचारा, सहकाऱ्याचे नाव घालू नका. उत्तर टोलवाटोलवीचे आले तर संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो, स्वतः किंवा युनियनमार्फत. मुदत तीन वर्षांची. थकबाकीशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे.